हात अजून सहा माणसांचा आहे

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर वजनाचा विषय काढला तर आईने 'बघू' म्हणून बाजूला सारला. म्हणून पत्र लिहिते आहे. कागदावर असलं की बाबा दोनदा वाचतात.

मागच्या महिन्यात साताऱ्याला आठ दिवस राहिले, तेव्हाची गोष्ट मनातून जात नाही. जेवणं आटोपून अर्धा तास झाला होता. आई ओट्याशी उभी राहून पातेल्यातला भात ताक घालून संपवत होती. भूक नव्हती गं तुला. अन्न टाकायचं नाही, एवढंच. आणि बाबांच्या ताटात 'ही एकच उरलीये, संपवून टाका' म्हणत रोज तिसरी पोळी पडत होती.

दुसऱ्या दिवशी तू तांदूळ घेताना मी मुद्दाम पाहिलं. तीच पितळी वाटी, शिगोशीग दोन. आजी-आजोबा होते, दादा आणि मी होतो, तेव्हाचं हे माप. आता घरात दोघंच आहात, पण हात अजून सहा माणसांचा आहे. त्यामुळे ताटात कमी वाढून घ्या असं मी सांगणार नाही. जास्तीचं शिजलं की ते कोणाच्या तरी पोटात जातंच. माप डब्यापाशीच बदलायला हवं. दोघांना मिळून एका वेळेला अर्धी वाटी तांदूळ, सपाट. कणीक चार पोळ्यांचीच भिजव. शिजलेला वाटीभर भात म्हणजे जवळजवळ दोन पोळ्या, हे धरून चाला. तरीही उरलंच तर झाकून फ्रीजमध्ये ठेव, सकाळी फोडणीचा भात कर. पण मग त्या दिवशी वेगळे पोहे नकोत.

तेलाचंही तसंच. मोठा चमचाभर तेलात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे एका फुलक्याहून जास्त, आणि पोट मात्र त्याने भरत नाही. महिन्याला दीड लिटरची बरणी वेगळी काढ. माणशी रोजचे २३ ग्रॅम होतात, दोघांना पुरे. एकादशीच्या साबुदाण्याबद्दल बोलले तर तुला वाईट वाटेल, पण तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि वर दाण्याचं कूट. वरीचे तांदूळ आणि दही चालतील ना?

बाबा, तुम्ही कंदी पेढे सोडा असं मी म्हणत नाही. एक पेढा बशीत घ्या आणि बॉक्स कपाटात ठेवून मग खुर्चीत बसा. फरसाणही डब्यातून नको, वाटीत घ्या. पोट भरल्याचं डोक्याला कळायला वीसेक मिनिटं लागतात आणि तुम्ही दहा मिनिटांत हात धुता. तेवढं सावकाश जेवा, आणि जेवल्यावर अंगणात दोघं मिळून चकरा मारा. साखरेवर त्याचा चांगला परिणाम होतो.

एक मात्र नीट ऐका. तुमच्या साखरेच्या गोळ्या चालू आहेत. खाणं कमी झालं आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले तर लगेच साखर खायची. पण माप बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, मी फोन लावून देईन. आणि वजनाच्या नादात रात्री नुसत्या चहा-बिस्किटांवर झोपू नका. या वयात उपाशी राहिलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. भात कमी करा, पण आमटी दाट हवी, रोज एक उसळ, दही. निम्मं ताट भाजी-कोशिंबिरीचं असू दे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचंही तेच सांगणं आहे.

आई, तुझं वजन ७४ आहे. सहा महिन्यांत चार किलो गेलं तरी मला पुष्कळ आहे. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो. चारचे सोळा. जिना उतरताना तू कठड्याला धरून थांबतेस, ते मला बघवत नाही.

शनिवारी येते आहे. येताना दोन लिटरचा कुकर आणते. मोठा माळ्यावर ठेवू, दादा आणि मुलं आली की काढायचा. पितळी वाटी मात्र मी घेऊन जाणार, पुण्यात आम्ही चौघं आहोत.

तुमची,
ताई