अर्थमंत्र्यांना खुले पत्र : राजकीय देणग्या झाकणारे 2013 चे परिपत्रक मागे घ्या

प्रति,
मा. केंद्रीय अर्थ व कंपनी व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया,
स. न. वि. वि.

15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निवडणूक रोखे, म्हणजे नाव न कळू देता पक्षांना देणगी देण्याची सोय, एकमताने घटनाबाह्य ठरवले. कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती पैसे दिले हे कळणे मतदाराचा हक्क आहे, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. त्यानंतर तुमच्याकडून नव्या, उघड व्यवस्थेची अपेक्षा होती. ती आली नाही. पैसा रोख्यांतून निघून इलेक्टोरल ट्रस्टमध्ये, म्हणजे कंपन्यांकडून पैसे घेऊन पक्षांना वाटणाऱ्या संस्थांमध्ये, जाऊन बसला, आणि मतदार होता तिथेच राहिला.

कंपन्यांच्या देणग्यांचा माग काढणारे आम्ही तळातले कार्यकर्ते. हे काम कसे चालते ते तुम्हाला कोणी सांगितले नसेल, म्हणून सांगतो. आधी निविदेतून कंपनीचे नाव घ्यायचे. मग तुमच्याच मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपये भरून तिची कागदपत्रे उघडायची आणि एओसी-4 या वार्षिक हिशेबाच्या अर्जासोबतच्या नफा-तोटा पत्रकाखालच्या टिपांमध्ये राजकीय देणगीची ओळ शोधायची. त्याच वर्षाचा पक्षाचा 24ए नमुन्यातला देणग्यांचा अहवाल निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचा आणि नाव, रक्कम ताडून पाहायची. अनेक अहवाल म्हणजे नुसती स्कॅन केलेली पाने. त्यात शब्द शोधता येत नाही, एकेक ओळ डोळ्यांनी वाचावी लागते. देणगी उपकंपनीच्या नावाने असेल तर निविदेतले नाव यादीत सापडतच नाही. मग संचालकांची नावे जुळवत बसायचे. 20,000 रुपयांपर्यंतच्या देणग्यांची नावे पक्षाला सांगावीच लागत नाहीत. ही मर्यादा 2,000 वर आणा, असे निवडणूक आयोगाने 2022 मध्ये सरकारला कळवले होते.

एवढे करूनही ट्रस्ट आडवा आला की माग तुटतो. ट्रस्टला वर्षभरात मिळालेल्या रकमेतले किमान 95 टक्के 31 मार्चपूर्वी पक्षांना द्यावे लागतात. कोणाकडून घेतले याची एक यादी, कोणाला दिले याची दुसरी. दहा कंपन्यांनी पैसे घातले आणि चार पक्षांनी घेतले, तर कोणाचे कोणाला गेले हे दोन्ही याद्या शेजारी ठेवूनही समजत नाही.

ही आडकाठी कायद्याने घातलेली नाही, तुमच्या मंत्रालयाने घातली आहे. कंपनी कायद्याच्या कलम 182(3) नुसार कंपनीने देणगीची रक्कम आणि पक्षाचे नाव नफा-तोटा पत्रकात दाखवायचे असते. 2017 मध्ये पक्षाचे नाव वगळण्यात आले आणि मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 7.5 टक्क्यांची मर्यादाही काढली गेली. न्यायालयाने हे दोन्ही बदल रद्द केले. पण 10 डिसेंबर 2013 च्या सर्वसाधारण परिपत्रक क्र. 19/2013 ने पळवाट आधीच करून ठेवली होती : पैसे ट्रस्टमार्फत दिले तर कंपनीने फक्त ट्रस्टला दिलेली रक्कम दाखवावी, पक्षाचे नाव सांगण्याची गरज नाही. हे परिपत्रक आधीच्या सरकारने काढले हे आम्हाला माहीत आहे. त्याने तुमची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. ते मागे घेण्यासाठी संसदेत जावे लागत नाही, तुमच्या मंत्रालयातली एक सही पुरते.

आणि वेळेचे काय? एप्रिल 2024 मध्ये लोकसभेचे मतदान चालू असताना दिलेली देणगी 2024-25 च्या हिशेबात येते. तो हिशेब सादर होतो 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर. दीड वर्ष! तोवर सरकार बसलेले असते, कंत्राटे सुटलेली असतात. बँकेतून बँकेत पैसा एका दिवसात जातो, मग नाव जाहीर व्हायला सात दिवसांपेक्षा जास्त का लागावेत?

तुमच्या मंत्रालयाच्या शब्दावर आता विसंबायचे कसे, तेही सांगा. रोख्यावरचा छुपा क्रमांक खरेदीदाराच्या किंवा पक्षाच्या नावाशी जोडून नोंदवला जात नाही, असे तुमच्या मंत्रालयाने 2018 मध्ये जाहीर केले होते. मार्च 2024 मध्ये रोखे विकणाऱ्या स्टेट बँकेने तेच क्रमांक दोन्ही बाजूंनी न्यायालयाच्या आदेशावरून दिले. त्याआधी बँक 22,217 रोख्यांच्या माहितीसाठी 30 जूनपर्यंत मुदत मागत होती. निवडणूक त्याआधी आटोपणार होती. न्यायालयाने दरडावल्यावर सगळे 21 मार्चपर्यंत बाहेर आले. माहिती होती. लोकांना द्यायची नव्हती.

हे सगळे सुरू झाले तेच चोरवाटेने. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2017 मध्ये विरोध केला. तरीही रोख्यांची तरतूद, राज्यसभा रोखू शकत नाही अशा वित्त विधेयकाच्या पोटात घालून त्या सभागृहाला बाजूला सारले गेले. निवडणूक आयोगाने त्याच वर्षी मे महिन्यात घेतलेला लेखी आक्षेपही ऐकला गेला नाही. विरोधी पक्षांनीही आम्हाला नीती शिकवू नये : केंद्रीय माहिती आयोगाने 3 जून 2013 रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराखाली आणले, तेव्हा एकानेही तो आदेश पाळला नाही. कोणत्या कंपनीचा माणूस कोणत्या सचिवाला कधी आणि कशासाठी भेटला, याची नोंदवही खुली ठेवायला लावणारा कायदा या देशात आजही नाही. रेशनकार्डासाठी आमच्याकडून दहा कागद मागितले जातात. कोट्यवधींची देणगी देऊन कंत्राट मिळवणाऱ्याने मात्र आपले नाव झाकून ठेवायचे, ही तुमची व्यवस्था आहे.

परिपत्रक 19/2013 मागे घ्या. आयकर नियमांतल्या ट्रस्टविषयीच्या नियमात दुरुस्ती करून, कोणत्या कंपनीचे पैसे कोणत्या पक्षाला गेले हे ट्रस्टला ओळीओळीने दाखवायला लावा. देणगी मिळाल्यापासून सात दिवसांत ती शोधता येईल अशा स्वरूपात जाहीर होऊ द्या. ट्रस्टचे वाटप 31 मार्चपूर्वी होते, म्हणून निर्णय त्याआधी घ्या. आणि घेणार नसाल तर कारण लेखी कळवा, आम्ही ते प्रत्येक मतदारसंघात वाचून दाखवू.

आपले,
देणग्यांचे हिशेब तपासणारे कार्यकर्ते