गावकीची खोली विकू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या गुहागर तालुक्यातल्या गावाची लालबागला दहा बाय बाराची एक खोली आहे. माझे वडील १९५८ साली गिरणीत लागले, ते याच खोलीत उतरले. तीन पाळ्यांचे चोवीस गडी, भिंतीशी ओळीने ट्रंका, महिन्याची वर्गणी. कुणी गेला तर अंत्यविधीचा खर्च गावकीचा. आता चाळ पुनर्विकासात गेली आहे. मिळणारी नवी जागा विकून पैसे वाटून घ्यावेत, असं गेल्या बैठकीत बहुतेकांचं मत पडलं. रविवारी ठराव आहे.

गेल्या वर्षी मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये युक्रेनी लोकांची जुनी वस्ती आहे. चर्च, पतपेढी, संग्रहालय सगळं दोन-चार गल्ल्यांत. तिथे बटाट्याचं सारण भरलेले वारेनिकी खाल्ले. करंजीसारखेच मुडपलेले, फक्त पाण्यात उकडलेले.

पण त्यांच्या संस्थांची सुरुवात वाचली आणि मला आमची खोलीच दिसली. ही माणसं पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या खाणींत राबायला आलेली. खाणीत माणूस दगावला की बायकापोरं उघड्यावर पडायची. म्हणून १८९४ साली शमोकिन गावी त्यांनी वर्गणी काढून संस्था उभी केली, मेलेल्याच्या घरी पैसे पोचवायला. त्याच्या आदल्याच वर्षी जर्सी सिटीत ‘स्वोबोदा’ हे वर्तमानपत्र निघालं होतं. ते आजही युक्रेनी भाषेत निघतं. पोरं इंग्रजीत वाढू लागली, तेव्हा त्यांना नावं ठेवत न बसता संस्थेने १९३३ मध्ये त्यांच्यासाठी इंग्रजी साप्ताहिक काढलं. १९५२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या केरहॉन्क्सन गावी डोंगरात मोठी जागा घेतली. तिथे उन्हाळ्यात पोरं आपले नाच शिकत आली. २०२२ मध्ये तिकडे युद्ध पेटलं, तेव्हा औषधांची खोकी भरायला यांना जागा शोधत फिरावं लागलं नाही.

आमच्या मंडळातल्या तरुणांना पैशाची गरज आहे, हे मला कळतं. पण वाटणीत प्रत्येकाच्या हाती येईल ते वर्षभरात संपेल. जागा राहिली तर शनिवारी पोरांना तिथे जाखडी शिकवता येईल, गावाहून टाटाला आलेल्या पेशंटच्या माणसाला पाठ टेकता येईल. मृदुंग अजून माळ्यावर आहे.

वर्गणीची जुनी वही माझ्याकडे आहे. वडिलांच्या नावापुढे दर महिन्याला आठ आणे. रविवारी ती घेऊन बैठकीला येतोय.

आपला,
एक वाचक, लालबाग