बाबा, काचा लावून झोपू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पुन्हा रात्रपाळी धरलीत असं आई म्हणाली. टॅक्सी कशी चालवायची हे तुम्हाला सांगायची माझी छाती नाही. पण साठीनंतर रात्रीच्या भाड्याचा हिशेब निराळा, म्हणून लिहिते.

पहाटे 2 ते 5 ही वेळ सगळ्यात वाईट. सायन-पनवेल महामार्गावर ताशी 80 ने जाताना नुसते 3 सेकंद डोळे मिटले, तरी गाडी 65 मीटरच्या वर गेलेली असते, आणि तेवढा वेळ तिला कोणीच चालवत नसतं. काच खाली करा, गाणी लावा, तंबाखू मळा. झोप जात नाही, पाच-दहा मिनिटं लांबते एवढंच. मागचा सिग्नल लाल होता की हिरवा हे आठवेना, गाडी पट्ट्यावर सरकायला लागली, की पुढचं भाडं नाही म्हणायचं. उजेडातल्या पंपावर थांबा. आधी कडक चहा घ्या आणि लगेच 20 मिनिटांचा गजर लावून पाठ टेका. चहा भिनायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. तासभर झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं, ते गाडी चालवायला आणखी वाईट.

झोपताना मात्र एसी चालू आणि काचा बंद, हे अजिबात नको. सायलेन्सर कुठे गळत असला तर धूर आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग; माणूस झोपेतच जातो. इंजिन बंद करा, दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटं खाली घ्या. डास चावतील, चावू देत.

डिकीतल्या सीएनजी सिलिंडरची टेस्ट दर 3 वर्षांनी लागते, तारीख पट्टीवर असते. गॅस 200 बार दाबाने भरतात, तेव्हा रात्री 1 वाजता कोणी कुरकुर केली तरी प्रवाशांना खाली उतरवाच. सिलिंडरचं ओझं कायम मागे असतं, म्हणून मागच्या टायरची हवा दारावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा जो आकडा आहे त्याप्रमाणे, आणि पाळीवर निघायच्या आधी, टायर थंड असताना. खाचांच्या तळाशी आडव्या गाठी असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खाच 1.6 मिमी उरली. पावसाळ्यात तिथवर वाट बघू नका.

पाणी साचलेल्या पट्ट्यात स्टिअरिंग एकदम हलकं लागलं तर ब्रेक नको. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, टायर परत रस्ता पकडेल. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. पाणी इंजिनच्या सिलिंडरमध्ये ओढलं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. घोडबंदर रोडवरचा गायमुखचा उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच. सतत ब्रेक दाबलात तर लाइनर तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

आई, तुझ्याकडे एकच काम. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा बाबांना कुठलीही नवी गोळी द्यायच्या आधी दुकानदाराला विचार. आणि ते गाडीवर असताना फोन करू नकोस, थांबले की ते करतील.

बाबा, समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात म्हणालात ना? मोतीबिंदूचीही सुरुवात अशी असू शकते. या आठवड्यात डोळे दाखवा आणि तोवर दिवसपाळी घ्या. सिलिंडरच्या पट्टीचा फोटो आजच पाठवा.

तुमची लेक