घोडेस्वाराचे चित्र छापलेत, चौकीवाल्याचे काय?

महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला टपालाच्या इतिहासावरचा लेख वाचला. पोनी एक्स्प्रेस या अमेरिकेतल्या घोड्यावरच्या टपालसेवेच्या स्वाराने जवळजवळ अर्धे पान व्यापले होते. लेख रंजक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सगळे श्रेय घोड्याला आणि स्वाराला देऊन टाकल्यामुळे टपाल चालायचे कसे, हेच त्यातून निसटले.

आधी एक दुरुस्ती. हिम, पाऊस, ऊन, अंधार यांना न जुमानणाऱ्या टपालवाल्यांविषयीचे वाक्य लेखात अमेरिकी टपाल खात्याचे ब्रीद म्हणून दिले आहे. त्या खात्याला अधिकृत ब्रीदवाक्यच नाही. हे वाक्य न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली सुरू झालेल्या पोस्टाच्या इमारतीवर कोरलेले आहे. मुळात ते ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इराणी बादशहाच्या जासूदांविषयी लिहिले, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात. त्याच ठिकाणी तो सांगतो की जितक्या दिवसांची वाट, तितकी माणसे आणि तितके घोडे मार्गावर तयार ठेवलेले असत. आजच्या तुर्कस्तानातले सार्डिस ते इराणातले सूसा या राजमार्गावर त्याने १११ मुक्काम मोजले आहेत. पायी जाणाऱ्याला तीच वाट ९० दिवसांची.

म्हणजे वेग एका घोड्याच्या अंगात नव्हताच. कितीही जातिवंत घोडा असो, चौखूर उधळला की काही कोसांत त्याच्या तोंडाला फेस येणार. वेग होता तो ताजा घोडा वेळेवर खोगीर घालून उभा असण्यात. घोडा तरी कशाला हवा? मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३३ साली सिंधमध्ये उतरला, तेव्हा त्याने दिल्लीच्या सुलतानाची दोन प्रकारची डाक पाहिली. घोड्यावरची चौकी चार मैलांवर, तर पायी धावणाऱ्यांच्या चौक्या एका मैलात तीन. हरकाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी आणि काठीच्या टोकाला तांब्याची घुंगरे. घुंगरांचा आवाज कानी पडला की पुढच्या चौकीवरचा माणूस कंबर कसून उभा राहायचा. ही पायी डाक घोड्यांच्या डाकेपेक्षा वेगवान होती, असे तो स्पष्ट लिहितो. एरवी पन्नास दिवसांची सिंध-दिल्ली वाट या डाकेला पाच दिवसांची होती. सुलतान दौलताबादेत असताना त्याच्यासाठी गंगेचे पाणीही असेच हातोहात जायचे.

मंगोलांच्या डाकेबद्दल मार्को पोलोने सांगितलेले घोड्यांचे आकडे फुगवलेले वाटतात. ते सोडून देऊ. पण त्याने दिलेला एक बारीक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. पायी डाकेच्या प्रत्येक चौकीवर एक कारकून बसे आणि कोणता हरकारा केव्हा आला, केव्हा निघाला याची नोंद करी. युरोपात टपाल चालवणाऱ्या टॅक्सिस घराण्याने तेच केले. त्यांच्या थैलीसोबत एक चिठ्ठी जायची आणि ठाण्याठाण्यावर तिच्यावर वेळ लिहिली जायची. त्या हिशेबाच्या जोरावरच १५०५ च्या करारात ब्रुसेल्स ते इन्सब्रुक उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा दिवस, असा शब्द त्यांना देता आला. ट्यूडर राजघराण्याच्या काळातल्या इंग्लंडची पद्धत याहून भलतीच. तातडीच्या पत्रावर ‘जीव प्यारा असेल तर धाव’ अशा अर्थाची ओळ लिहायची आणि कधी कधी शेजारी फासाचे चित्रही काढायचे!

टप्प्याटप्प्याने जाण्याला एक खोट आहे, हेही मान्य केले पाहिजे. पत्र आणणाऱ्याला मजकुराबाहेरचे काहीच ठाऊक नसते. रोमच्या ऑगस्टस बादशहाने आधी टप्प्याटप्प्यावर माणसे ठेवली होती, पण म्हणूनच नंतर गाड्या ठेवल्या. एकच माणूस शेवटपर्यंत येईल आणि गरज पडली तर त्याला चार प्रश्न विचारता येतील, हा त्याचा विचार.

इंग्लंडमध्ये २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनला पहिली मेल कोच, म्हणजे टपालाची घोडागाडी, निघाली. पुढे या गाड्यांवरच्या गार्डजवळ कुलूपबंद पेटीतले घड्याळ असे, त्याच्या काट्यांना त्याला हात लावता येत नसे. तेव्हा गावोगावची वेळ वेगळी, म्हणून गाडी ज्या दिशेने जाणार त्याप्रमाणे घड्याळ मुद्दाम पुढे किंवा मागे पडेल असे लावून देत. चोरट्यांसाठी गार्डकडे बंदूक होती खरी, पण माझ्या मते त्याचे खरे हत्यार ते घड्याळ.

१८३८ साली तिथेच घोडे नेण्याच्या रेल्वे डब्यात फेरफार करून धावत्या गाडीत पत्रांची गावनिहाय वर्गवारी करायला सुरुवात झाली. मी स्वतः नोकरीची बरीच वर्षे टपालाच्या अशाच डब्यात रात्रपाळीला सॉर्टिंग केले आहे. थैली हाती आली की आधी सील पाहायचे, मग लेबल, मग यादीवर सही. एका रात्री यादीत नऊ थैल्या आणि मोजल्या तर आठ. दोन स्टेशने घामाघूम होऊन शोधली. शेवटी नववी सापडली, ती मी जिच्यावर बसलो होतो ती. हसू येते, पण तोवर सही करायला माझा हात धजत नव्हता.

आता पोनी एक्स्प्रेस. ३ एप्रिल १८६० ला सुरू झाली आणि पूर्व-पश्चिम तारयंत्र जोडले गेल्यावर दोनच दिवसांनी, २६ ऑक्टोबर १८६१ ला बंद झाली. जेमतेम दीड वर्ष, तेही तोट्यात. मिसूरीतले सेंट जोसेफ ते कॅलिफोर्नियातले सॅक्रामेंटो हे सुमारे ३,००० किलोमीटर दहा दिवसांत कापले जात, कारण दर दहा-पंधरा मैलांवर घोडा बदलला जाई. खोगिरावर टाकायची चार खिशांची चामडी झूल एका घोड्यावरून उचलून दुसऱ्यावर टाकायची, की स्वार निघाला. १८६० च्या मे-जूनमध्ये पायूट या तिथल्या मूळ रहिवाशांशी झालेल्या लढाईत नेवाडातल्या चौक्या जाळल्या गेल्या, तिथे राबणारी माणसे मारली गेली, जनावरे हाकलून नेली गेली. घोडेस्वार होतेच, तरीही टपाल काही आठवडे बंद राहिले.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्याचे वाचले. त्यात एखाद्या चौकीचे चित्र छापता आले तर पाहावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त सॉर्टर