फ्लोरेन्सबाई, त्या ३० दिवसांबद्दल आभार

आदरणीय फ्लोरेन्स रिडलन बाईंना सादर नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, आणि हे पत्र मराठीत आहे म्हणजे तुमच्या हाती पडण्याचा संभव कमीच. पण आभार राहून गेले की ते माणसाला टोचत राहतात, म्हणून चार लोकांसमोर उघडपणे लिहितो. अमेरिकन खेळाडू जिम थॉर्पच्या ऑलिंपिक पदकांसाठी तुम्ही एक जुनी नियमपुस्तिका शोधून काढलीत, त्याबद्दलचे हे आभार. मी कराड तालुक्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. पोरांच्या भाषेत पीटीचे सर.

जिम थॉर्पची गोष्ट मी वर्गात सांगायचो ती ऐकीव होती. ओक्लाहोमाकडचा, सॅक अँड फॉक्स जमातीचा मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या शाळेत आला. मूलनिवासी मुलांना त्यांची भाषा आणि रीतीभाती विसरायला लावण्यासाठी काढलेली ती सरकारी शाळा. १९०७ साली मैदानाकडेने जाताना त्याने उंच उडीचा सराव करणारी मुलं पाहिली, आणि अंगावरच्या कामाच्या कपड्यांतच आडवी काठी ओलांडून गेला, असं सांगतात. पॉप वॉर्नर हे तिथले प्रशिक्षक. फुटबॉलही त्यांच्याकडे आणि धावणं-उड्याही त्यांच्याकडे. (एकाच शिट्टीवर सगळे खेळ चालवणारे आम्हीही आहोत, पण आमच्या हाती थॉर्प लागत नाही.) फुटबॉल म्हणजे त्यांचा, चेंडू काखेत मारून धडकत पळायचा. कार्लाइल हे काही विद्यापीठ नव्हतं, तरी त्यांचे सामने मोठमोठ्या कॉलेजांशी व्हायचे. १९११ मध्ये त्यांनी हार्वर्डला १८-१५ असं हरवलं. त्या १८ पैकी १२ गुण थॉर्पच्या चार किकचे, आणि पाय दुखावलेला. पुढच्या वर्षी लष्करी अकादमीला २७-६ ने झोपवलं, तेव्हा समोरच्या संघात आयझेनहॉवर होते, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेच.

त्याच १९१२ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिक. पेंटॅथलॉनच्या पाचपैकी चार प्रकारांत थॉर्प पहिला. मग तीन दिवस चाललेली डेकॅथलॉन, म्हणजे दहा प्रकारांची स्पर्धा. दोन्हींत सुवर्ण. शेवटचे १५०० मीटर त्याने ४ मिनिटं ४०.१ सेकंदांत धावून काढले, नऊ प्रकार अंगावर घेऊन झाल्यावर. हे वाक्य मी वर्गात नेहमी दोनदा सांगतो, कारण पहिल्यांदा पोरांना त्यात काही विशेष वाटत नाही. स्टॉकहोमचा त्याचा एक फोटो आहे, दोन पायांत दोन वेगळे बूट. मूळचे चोरीला गेले म्हणे.

पुढचं पोरांना सांगायला मला आवडायचं नाही. जानेवारी १९१३ मध्ये वर्तमानपत्रात आलं की थॉर्पने १९०९ आणि १९१० च्या सुटीत नॉर्थ कॅरोलिनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. किरकोळ पैसे, पण तेव्हा ऑलिंपिकमध्ये पैसे घेऊन खेळणाऱ्याला जागा नव्हती. कॉलेजची इतर पोरं असंच खेळायची, पण खोटं नाव लावून. हा स्वतःच्या नावाने खेळला, म्हणून सापडला. पदकं परत मागवली, विक्रम खोडले. पेंटॅथलॉनचा पहिला क्रमांक नॉर्वेच्या बिए यांना आणि डेकॅथलॉनचा स्वीडनच्या वीसलांडर यांना दिला. थॉर्प नंतर न्यूयॉर्क जायंट्सकडून बेसबॉल खेळला, कँटन बुलडॉग्जकडून फुटबॉल खेळला, १९२० मध्ये आजच्या एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगचं मूळ रूप असलेल्या संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. आणि १९५३ मध्ये कफल्लक अवस्थेत गेला. इथे मी वही मिटायचो आणि पोरांना मैदानावर पिटाळायचो.

मग तुमच्याबद्दल वाचलं. तुमचे यजमान रॉबर्ट व्हीलर यांनी थॉर्पचं चरित्र लिहिलेलं. तुम्ही दोघं त्याच्या पदकांमागे लागलात, आणि १९१२ च्या स्पर्धेची मूळ नियमपुस्तिका तुम्हाला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. खेळाडूच्या पात्रतेवर आक्षेप असेल तर बक्षीस वाटपापासून ३० दिवसांच्या आत, लेखी, २० क्रोनर भरून घ्यायचा, असं तिच्यात छापलेलं. आक्षेप आला सहा महिन्यांनी! सत्तर वर्षं लोक थॉर्पसाठी दयेची याचना करत होते. त्याने चूक केली पण पोरगा अडाणी होता, मोठ्या मनाने माफ करा, असा तो सूर. तुम्ही माफी मागितली नाहीत, पान उघडून समोर धरलंत.

आता माझ्या कामाचं सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची एक मुलगी जिल्ह्याला ८०० मीटरमध्ये पहिली आली. चौथ्या दिवशी निरोप आला: तिच्या प्रवेशिकेवर तक्रार आहे, निकाल रद्द, पदक जमा करा. एरवी मी काय केलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. हात जोडून गेलो असतो. साहेब, गरिबाची पोर आहे, सांभाळून घ्या. आमच्या पेशात ही सवय लवकर लागते. पदक तर मी मुकाट्याने जमा केलंच होतं. पण त्या रात्री तुमची ती पुस्तिका डोक्यातून जाईना. सकाळी जाऊन एकच विचारलं, तक्रार किती वाजता आली आणि नियम कुठे लिहिलाय तो दाखवा.

नियम कुणाकडेच नव्हता. सगळे तोंडी सांगत होते. ॲथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय नियमांत निकालाविरुद्धचा आक्षेप जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत घ्यायचा असतो, आणि खेळाडूच्या पात्रतेवरचा तर स्पर्धा सुरू होण्याआधीच. तुमचे ३० दिवस, आमची ३० मिनिटं. मी ते पान छापून नेलं तर म्हणाले, हे बाहेरचं, इथं चालत नाही. मग आमच्याच स्पर्धेचं परिपत्रक शोधत दोन आठवडे फिरलो. शेवटी शेजारच्या तालुक्यातल्या एका निवृत्त सरांच्या ट्रंकेत मिळालं. लेखी आक्षेप, सोबत शुल्क, त्याच दिवशी. तक्रार तिसऱ्या दिवशीची होती, आणि शुल्काची पावतीच नव्हती.

निकाल पुन्हा लागला तोवर विभागीय स्पर्धा होऊन गेल्या होत्या. याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. उशिराची तशी आम्हाला सवय आहे. आमच्या शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ जिंकलेले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला २००० साली, जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. तुम्ही पुस्तिका शोधलीत तरी १९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने थॉर्पला नुसता सहविजेता केला. त्याचं एकट्याचं नाव पहिल्या जागी यायला २०२२ उजाडलं.

मुलीला निकाल सांगायला मी तिच्या घरी गेलो. तिने विचारलं, "सर, तुम्हाला कसं सुचलं?" मी तुमचं नाव सांगितलं. तिला ते नीट उच्चारता आलं नाही, मलाही येत नाही, म्हणून आमच्यात तुम्ही फ्लोरेन्सबाईच आहात.

थॉर्पच्या मुलांना १९८३ मध्ये पदकं दिली ती नवी घडवलेली, मूळची हरवली होती असं वाचलं. आमच्या मुलीचंही पदक परत आलं तेव्हा फीत वेगळ्या रंगाची होती. मूळ कुठे गेलं, कुणी सांगितलं नाही. आजीने ते तांदळाच्या डब्यात ठेवलंय.

आपला,
एक क्रीडाशिक्षक, कराड तालुका