टीडीएस मीटर म्हणजे पाण्याची तपासणी नाही

संपादक साहेब, नमस्कार,

मागच्या महिन्यात वॉटर प्युरिफायर विकणारा एक जण घरी आला होता, त्याने दोन ग्लास घेतले, एकात आमच्या नळाचं पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या मशीनचं, मग वायर जोडलेल्या सळया बुडवल्या आणि दोन मिनिटांत आमचं पाणी तपकिरी गढूळ झालं. आई घाबरलीच. पण ती घाण पाण्यात नव्हतीच, सळया लोखंडाच्या असतात, करंट सोडला की लोखंड झिजून त्याचा गंज दिसतो. आरओच्या, म्हणजे पडद्यातून दाबाने गाळून क्षार काढणाऱ्या त्याच्या मशीनच्या, पाण्यात क्षार कमी म्हणून करंट नीट वाहत नाही, त्यात चिमूटभर मीठ टाकून बघा, तेही तसंच होईल. असं घाबरवून मशीन विकणं मला अजिबात पटत नाही.

दुसरं ते टीडीएस मीटर. पाण्यातून वीज किती वाहते यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज, बस एवढंच ते सांगतं. त्याला जंतू दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्राम आहे, तेवढ्याने मीटरवरचा आकडा हलतसुद्धा नाही! म्हणजे आकडा 80 आला तरी पाण्यात ई-कोलाय हा मैल्यातून येणारा जंतू असू शकतो आणि 600 आला तरी ते नुसतं कॅल्शियम, मॅग्नेशियम असू शकतं, जे जड लागतं, गिझर खराब करतं, पण विष नाही.

म्हणून आधी लॅबमध्ये टेस्ट करा, मशीन नंतर. बोअर किंवा विहीर असेल तर वर्षातून एकदा तरी कराच, पूर येऊन गेला असेल तर लगेच. जंतूंच्या टेस्टसाठी लॅबचीच निर्जंतुक बाटली घ्या, नळ दोनतीन मिनिटं वाहू द्या, झाकणाला आतून हात लावू नका आणि बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा, घरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीतून नेलं तर रिपोर्टला काही अर्थ उरत नाही. शिसं तपासायचं असेल तर उलटं, रात्रभर पाइपात थांबलेलं पहिलंच पाणी भरायचं.

रिपोर्टमध्ये फक्त जंतू आले तर यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं) किंवा यूएफ (अतिबारीक छिद्रांची गाळणी) पुरतं, मात्र यूव्हीला पाणी नितळ लागतं. क्लोरीनचा वास येत असेल तर कार्बन फिल्टर. फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रामच्या वर किंवा नायट्रेट 50 मिलिग्रामच्या वर असेल तिथे आरओचा खरा उपयोग, नाहीतर उगाच बरंचसं पाणी वाया जातं. आणि नायट्रेट असलेलं पाणी उकळू नका, पाणी आटतं आणि नायट्रेट वाढतं, वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळासाठी तर हे फारच धोक्याचं आहे, आणि हे कित्येक घरांत माहीतच नसतं.

तुमच्या पेपरात प्युरिफायरच्या जाहिराती येतात तशी लॅबचा रिपोर्ट कसा वाचायचा याची एक चौकट पण छापा ना, लोक कापून ठेवतील.

आपला,
एक नियमित वाचक