सूचना : द्विभाषिक पाट्यांवरची नावे नोंदवताना

सर्व सदस्यांना,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता आपण सगळे आपापल्या घरून ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या ऑनलाइन नकाशावर) रस्त्यांची नावे भरायला बसणार आहोत. पाट्यांचे फोटो शनिवारी रात्रीपर्यंत गटात टाका.

– प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतंत्र रकान्यात : मराठी ‘नेम:एमआर’, इंग्रजी ‘नेम:ईएन’.

– मुख्य ‘नेम’ रकाना त्या भागातल्या रिवाजाप्रमाणे भरा. ब्रसेल्समध्ये फ्रेंच आणि डच नावे मध्ये आडवी रेघ देऊन एकत्र लिहितात. पण तो तिथला रिवाज आहे, म्हणून सगळीकडे तसे करू नका.

– स्वतः भाषांतर करू नका. ‘स्टेशन रोड’चा ‘स्थानक मार्ग’ करायचा मोह होतो, पण पाटीवर किंवा लोकांच्या तोंडी नसलेले नाव नकाशात नको. हे कळकळीने सांगतो आहे, कारण अशी नावे नंतर शोधून काढणे फार अवघड जाते.

– गूगल मॅप्सवरून नावे उतरवायची नाहीत.

शंका असेल तर आधी विचारा, मग भरा.